दुचाकीस्वारांची संरक्षक पँट : काय पाहून घ्यावी?



पत्रिकेत आम्ही नेहमी लागणीच्या तारखा, खोडवा व्यवस्थापन, खतांचे हप्ते आणि ऊसबिल यांविषयी लिहितो. या वेळचा विषय जरा निराळा आहे. घाटाखालच्या सभासदांच्या घरोघरी आता एक तरी मोटारसायकल किंवा स्कूटर आहेच, आणि अलीकडे घरातला तरणा मुलगा मोबाइलवर एक चित्र दाखवून बापाकडे पैसे मागतो. चित्रात काळी, जाडजूड, गुडघ्यावर फुगवटा असलेली पँट असते आणि किंमत असते सहा-सात हजार रुपये. बाप म्हणतो, "ह्यां काय नवीन खूळ? आदी बियाण्याचां बघ!" मुलगा म्हणतो, सगळे घेतात. दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. म्हणून ही पँट म्हणजे नेमके काय, ती काय करते, काय करत नाही, आणि कमी पैशात चांगली कशी ओळखावी, हे सांगण्याचे आम्ही योजिले आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. कायद्याने सक्ती आहे ती हेल्मेटची. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम १२९ प्रमाणे चालवणाऱ्याने आणि मागे बसणाऱ्यानेही हेल्मेट घालायचे आहे. पँटची सक्ती कोठेही नाही. तेव्हा ज्याच्याकडे आयएसआय खुणेचे चांगले हेल्मेट नाही त्याने हा लेख येथेच बाजूला ठेवून आधी हेल्मेट आणावे. त्यानंतर हातमोजे आणि घोटा झाकणारे बूट, आणि मग पँट. पैसे थोडे असतील तर हाच क्रम बरा.

आता पडल्यावर काय होते ते पाहू. ताशी ५० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे १४ मीटर. या वेगात गाडी निसटली तर कोरड्या डांबरावर माणूस ढोबळमानाने पंधरा-सोळा मीटर घसरत जातो आणि थांबायला दोन-सव्वादोन सेकंद लागतात. वेग दीडपट झाला तर घसरण्याचे अंतर दीडपट होत नाही, सव्वादोन पट होते. साध्या सुती पँटचे किंवा रोजच्या जीन्सचे कापड डांबरावर घासताना जेमतेम सेकंदभर टिकते. उरलेला वेळ घासते ती कातडी. ट्रॅकपँट तर त्याहून वाईट. ते पातळ कृत्रिम कापड घर्षणाच्या उष्णतेने वितळते आणि जखमेत चिकटते. हाफ पँट आणि लुंगीविषयी काय लिहावे!

त्यात आपले रस्ते. मुंबई-गोवा महामार्ग चौपदरी झाला, वेग वाढला. पण महामार्ग सोडून कसालहून मालवणकडे किंवा कणकवलीहून आचऱ्याकडे वळले की वळणे, चढउतार आणि कडेला जांभ्याची सुटी रेव. चिऱ्याचे ट्रक जातात तेथे वळणावर तांबडा भुगा सांडलेला असतो. मिरगाचा पहिला पाऊस पडला की त्याच भुग्याचा गिलावा होतो आणि पुढचे चाक केव्हा निसटले ते कळतही नाही. गळीत हंगामात घाट चढणाऱ्या ट्रॉल्यांतून ऊस गळतो. चरकात जायचा ऊस चाकाखाली आडवा आला तर काय होते ते आपल्या भागातल्या स्वारांना सांगायला नको.

आणि पडताना सर्वांत आधी टेकतो तो बहुधा गुडघा, नाहीतर कमरेचा खुबा. डोक्याला मार बसला नाही म्हणजे "थोडक्यात वाचलो" असे आपण म्हणतो. पण गुडघ्याची वाटी फुटलेला माणूस भातलावणीला वाकू शकत नाही, उसाच्या सरीत उभा राहू शकत नाही, होडीत चढू शकत नाही. ऐन लावणीत किंवा तोडणीत घरचा कर्ता माणूस दोन महिने खाटेवर पडला तर त्याचा खर्च दवाखान्याच्या बिलात दिसत नाही, तो मजुरीत आणि बुडालेल्या पिकात दिसतो. सहा हजारांची पँट महाग की स्वस्त, हा हिशेब आपापल्या घरी या आकड्यांवरून करावा.

या पँटची कामे दोन आहेत आणि ती वेगवेगळी समजून घेतली पाहिजेत. एक, घासताना फाटू नये. हे काम कापडाचे. दोन, आदळताना धक्का शोषावा. हे काम गुडघ्याच्या आणि खुब्याच्या खिशात बसवलेल्या गादीचे. त्या गादीला बाजारात 'आर्मर' म्हणतात. दुकानात सर्वांत मोठी फसगत येथेच होते. दुकानदार म्हणतो, "साहेब, सीई मार्क आहे." आहे खरा, पण कशावर? पुष्कळदा तो मार्क फक्त आतल्या गादीवर असतो आणि पँटच्या कापडाची व शिलाईची कोणीही परीक्षा घेतलेली नसते. गादी उत्तम आणि तिला धरून ठेवणारे कापड पहिल्याच फटक्यात उसवणारे, अशी पँट काय कामाची? गादी जागेवर राहिली तरच तिचा उपयोग.

म्हणून लेबले दोन शोधावीत. पहिले गादीवर. त्यावर ईएन १६२१-१ हा क्रमांक, मोटारसायकलस्वाराचे छोटे चित्र, गुडघ्यासाठी 'के' किंवा खुब्यासाठी 'एच' हे इंग्रजी अक्षर आणि १ किंवा २ ही पातळी छापलेली असते. ही परीक्षा अशी : पाच किलोचे वजन साधारण एक मीटर उंचीवरून गादीवर पाडतात आणि गादीखाली किती जोर पोचला ते मोजतात. सरासरी ३५ किलोन्यूटनपर्यंत पोचला तर पातळी १, आणि २० किलोन्यूटनच्या आत राहिला तर पातळी २. म्हणजे पातळी २ ची गादी हाडापर्यंत बराच कमी धक्का पोचू देते. लेबलवर 'टी' आणि पुढे अधिकचे चिन्ह असेल तर ती गादी ४० अंश उष्णतेतही तपासलेली आहे असे समजावे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीवर ठेवलेली पँट हाताला लावून पाहा, म्हणजे या चिन्हाचे महत्त्व कळेल. नुसताच स्पंज भरून वर रबराचा छाप मारलेली गादीही मिळते. तिच्यावर यांपैकी काहीच नसते. ती शोभेची.

दुसरे लेबल पँटच्या आत, कमरेपाशी शिवलेले. तेथे ईएन १७०९२ हा क्रमांक आणि वर्ग दिलेला असतो : एएए, एए, ए, बी किंवा सी. हे मानक युरोपचे असून २०२० साली आले. कापड फिरत्या यंत्रावर बसवून खऱ्या रस्त्यासारख्या खरखरीत पृष्ठावर सोडतात. गुडघा-खुब्यासारख्या मुख्य भागासाठी ए वर्गाला ताशी ४५, एएला ७० आणि एएएला १२० किलोमीटर इतक्या वेगाची कसोटी असते. हा प्रयोगशाळेतला आकडा आहे. '७० पर्यंत काही होणार नाही' असा त्याचा अर्थ कोणी करू नये. बी वर्गात घासण्याचे संरक्षण एच्या तोडीचे, पण गादी नाही. सी म्हणजे केवळ गादी धरून ठेवणारे आतले वस्त्र, ते एकटे घालायचे नसते. गावातल्या आणि तालुक्याच्या फेऱ्यांना ए चालेल, महामार्गावर आणि घाटात नेहमी जाणाऱ्याने एए पाहावी. एएए बहुधा चामड्याची किंवा फार जड असते. चामडे आपल्या दमट हवेत नको. पावसाळ्याच्या चार महिन्यांत त्यावर अशी बुरशी धरते की पँट दसऱ्याला ओळखूही येत नाही.

स्वस्त देशी पँटवर हे दुसरे लेबल नसण्याचा संभव मोठा. मग काय करावे? कापड आणि शिलाई स्वतः पाहावी. गुडघा, खुबा आणि बैठक या तीन ठिकाणी कापड दुहेरी किंवा जास्त जाड असावे. ६०० डेनियरचे पॉलिस्टर हे कापड स्वस्त पँटमध्ये सर्रास असते. त्याहून कॉर्ड्युरासारखे चिवट नायलॉन बरे, ५०० डेनियरचे असले तरी. नुसता डेनियरचा आकडा मोठा म्हणून भुलू नये, धागा कशाचा हेही विचारावे. मुख्य शिवणी दुहेरी किंवा तिहेरी असाव्यात. शिवणीच्या दोन्ही बाजू धरून जोराने ताणाव्यात; टाक्यांमधून उजेड दिसला तर पँट परत ठेवावी. दुकानदार रागावला तर रागावू द्यावा.

आपल्या भागाला जाळीची पँट बरी की बिनजाळीची, असा प्रश्न येतो. आमचे मत जाळीच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. जाळी मांडीच्या वरच्या बाजूला असावी, गुडघ्यावर आणि खुब्यावर नसावी. किनाऱ्यावरच्या घामट हवेत बंद कापडाची पँट कितीही भक्कम असली तरी ती आठ दिवसांत खुंटीला लागते, आणि खुंटीवरची पँट कोणाला वाचवत नाही. जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, म्हणून पुष्कळजण 'वॉटरप्रूफ अस्तरासह' असलेली पँट मागतात. अस्तर आत असल्याने बाहेरचे कापड मात्र पाणी पिते, जड होते आणि दोन दिवस वाळत नाही. त्यापेक्षा जाळीची पँट घ्यावी आणि वरून साधी पावसाळी पँट चढवावी. खर्चही कमी.

किमतीचे म्हणाल तर देशी कंपन्यांची पँट आज साधारण पाच ते दहा हजारांच्या दरम्यान येते. आत अरामिड धाग्याचे अस्तर असलेली जीन्सही त्याच सुमारास मिळते. अरामिड म्हणजे केवलारच्या जातीचा धागा. केवलारचा शोध १९६५ साली अमेरिकेत ड्युपाँट कंपनीतल्या स्टेफनी क्वोलेक या बाईंनी लावला. जीन्स घेताना हे अस्तर फक्त गुडघ्यावर ठिगळासारखे आहे की बैठक व खुब्यापर्यंत गेले आहे, ते आत हात घालून पाहावे. कचेरीत, शाळेत किंवा बँकेत जाणाऱ्यांना नेहमीच्या पँटवरून चढवायची, बाजूला लांब चेन असलेली पँट सोयीची. पोचल्यावर काढून ठेवता येते. स्कूटरवरून जाणाऱ्या आमच्या भगिनींनाही ती सलवारवरून घालता येते.

एवढेही पैसे नसतील तर लाज वाटून घेऊ नये. पट्ट्यांनी बांधायचे गुडघ्याचे गार्ड पँटच्या निम्म्याहून कमी पैशात मिळतात. त्यावरही वर सांगितलेला १६२१-१ क्रमांक पाहावा. गुडघ्याच्या वर एक आणि खाली एक असे निदान दोन पट्टे हवेत, नाहीतर पडताना गार्ड पोटरीवर फिरतो. जाड जीन्स आणि चांगले गार्ड ही जोडी नुसत्या नावाच्या 'रायडिंग पँट'पेक्षा कैक पटींनी बरी. खुबा मात्र उघडा राहतो, हे ध्यानात असावे.

माप घेताना उभ्याने घेऊ नये. गाडीवर बसून पाहावे. बसल्यावर पँट वर सरकते आणि उभ्याने बरोबर वाटलेली गादी मांडीवर जाते. बसलेल्या स्थितीत गादीने गुडघ्याची वाटी झाकून खाली नडगीच्या सुरुवातीपर्यंत यावे. चांगल्या पँटमध्ये गादीचा खिसा वरखाली करण्यासाठी वेल्क्रो असतो. मग हाताने गादी डावी-उजवीकडे ढकलावी. सहज फिरली तर पँट सैल आहे. 'पुढे मुलगा भरेल' म्हणून एक माप मोठी घेण्याची आपली जुनी सवय येथे उपयोगाची नाही. कोल्हापूर, बेळगाव किंवा गोव्यात जाणे झाले तर दुकानात बसून घालून पाहावी. घरबसल्या मागवायची असेल तर बदलून मिळण्याची अट आधी वाचावी.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांसाठी आणखी एक. खाऱ्या वाऱ्याने धातूची चेन वर्षभरात गंजून अडते. जाड प्लॅस्टिकच्या दातांची चेन पाहावी. धुताना गाद्या काढून ठेवाव्यात, साध्या साबणाच्या कोमट पाण्यात धुवावी, ब्लीच घालू नये, सावलीत वाळवावी. पावसाळ्यात कपडे चुलीवरच्या दोरीवर टाकण्याची पद्धत अनेक घरांत आहे. ही पँट तेथे टाकू नये. नायलॉन आणि पॉलिस्टर आचेने आखडते, आणि एकदा आखडलेल्या कापडाचा भरवसा राहत नाही. सायलेन्सरला चिकटून भोक पडले तरी तेच. एकदा जोरात पडल्यावर गादीला चीर गेली असेल, ती कडक किंवा चुरचुरीत झाली असेल तर ती बदलावी. गाद्या सुट्या मिळतात, पूर्ण पँट टाकण्याचे कारण नाही. कोणाची वापरलेली पँट स्वस्तात मिळत असली तर आधी गाद्या बाहेर काढून वाकवून पाहाव्यात आणि बैठकीचे कापड उजेडासमोर धरावे.

आणि या पँटला काय जमत नाही तेही सांगितले पाहिजे. समोरून येणाऱ्या ट्रकखाली सापडलेला पाय ती वाचवू शकत नाही. रात्री मागचा दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर आदळलेल्याला कोणतेच कापड पुरत नाही. त्यासाठी ट्रॉलीवाल्यांनी मागे लाल रिफ्लेक्टर लावले पाहिजेत, आणि ते ट्रॉलीवालेही आपलेच सभासद आहेत. रिफ्लेक्टरची पट्टी पँटच्या तुलनेत अगदी थोड्या पैशात येते. या हंगामात ट्रॉली गव्हाणीला लावण्यापूर्वी ती मागे दिसेल अशी चिकटवून घ्यावी, आणि आधीची चिखलाने माखली असेल तर ओल्या फडक्याने पुसून घ्यावी.