दोन सोन्याचे मणी आणि एक सेनापती

१९६२ सालच्या नोव्हेंबरात माझ्या आईनं डोरल्यातले दोन सोन्याचे मणी ओवणीतून काढले आणि राष्ट्रीय संरक्षण निधीला दिले. मी तेव्हा दहा वर्षांचा होतो. दिवाळी नुकतीच होऊन गेली होती, शेतात धानाची कापणी चालू होती आणि भंडाऱ्याच्या बाजारात एका टेबलावर तिरंगा अंथरून दोन गुरुजी पावत्या फाडत बसले होते. आई त्या टेबलापुढं उभी राहिली आणि पदराच्या गाठीतून मणी काढून तिनं ते गुरुजींच्या तळहातावर ठेवले. परतताना वाटेत ती एक शब्दही बोलली नाही. घरी आल्यावर मोकळ्या झालेल्या जागी तिनं दोन काळे मणी ओवले.

पाटलांच्या घरी बॅटरीवरचा रेडिओ होता. संध्याकाळी सगळं गाव तिथं जमायचं. तवांग, सेला, बोमदिला ही नावं आम्ही पहिल्यांदा तिथंच ऐकली, आणि ऐकली तीसुद्धा ही ठाणी पडल्याच्या बातम्यांत. चीन कुठं आहे, हे गावातल्या निम्म्या लोकांना ठाऊक नव्हतं. 'आपले शिपाई बर्फात उभे आहेत आणि त्यांच्याकडं गरम कपडे नाहीत' एवढं मात्र सगळ्यांना कळलं होतं. मणी गेले ते त्या गरम कपड्यांसाठी, अशी आईची समजूत होती.

ही आठवण पुढं पंचवीस वर्षं माझ्या मनात तशीच पडून होती. मी शिक्षक झालो. १९८८च्या सुमारास नागपूरच्या एका ग्रंथालयातून एक जाडजूड इंग्रजी पुस्तक घरी आणलं. ते लेफ्टनंट जनरल एस. पी. पी. थोरात यांचं आत्मचरित्र होतं, 'फ्रॉम रेव्हिली टु रिट्रीट', प्रसिद्ध झालेलं १९८६ साली. आडनाव मराठी दिसलं म्हणून उचललं, एवढंच. शब्दकोश शेजारी ठेवून महिनाभर वाचत होतो. शेवटाकडं आलो आणि आईचे मणी आठवले.

शंकरराव पांडुरंग पाटील थोरात हे कोल्हापूरकडचे. जन्म १९०६चा. सँडहर्स्टला शिकून १९२६ साली ते अधिकारी झाले आणि १४व्या पंजाब रेजिमेंटच्या पहिल्या पलटणीत दाखल झाले. ही पलटण मोठी विलक्षण. पाकिस्तानचे पुढचे राष्ट्राध्यक्ष अयूब खान तिच्यात होते, आझाद हिंद फौजेची पहिली उभारणी करणारे कॅप्टन मोहनसिंग होते आणि लाल किल्ल्यातल्या खटल्यामुळं घराघरांत पोहोचलेले शाहनवाज खानही होते. एकाच मेसमध्ये जेवणाऱ्या माणसांना इतिहासानं किती वेगवेगळ्या वाटांना लावावं!

दुसऱ्या महायुद्धात थोरात ब्रह्मदेशात लढले. १९४५च्या जानेवारी महिन्यात आराकानच्या किनाऱ्याजवळ कांगॉ इथं घनघोर लढाई झाली. ५१व्या ब्रिगेडच्या तिन्ही पलटणींचे प्रमुख त्या वेळी हिंदी होते : थिमय्या, एल. पी. सेन आणि थोरात. हिंदी माणूस पलटण चालवू शकेल का, अशी शंका घेणारे गोरे साहेब तेव्हा पुष्कळ होते. जपान्यांनी टेकड्यांवर खणलेल्या बिळांमधून त्यांना हुसकावून काढायचं काम या तिघांच्या जवानांनी केलं आणि तिघांनाही 'डीएसओ' हे मानाचं पदक मिळालं. ही तीन नावं ध्यानात ठेवा, पुढं लागतील.

थोरातांची मला सगळ्यांत भावलेली कामगिरी मात्र गोळी न झाडता झालेली आहे. १९५३ साली कोरियातलं युद्ध थांबलं, पण बावीस हजारांवर चिनी आणि उत्तर कोरियन युद्धकैद्यांनी मायदेशी परतायला नकार दिला. त्यांना सांभाळायचं काम भारताकडं आलं. त्या फौजेचे प्रमुख थोरात, आणि कैद्यांचा निवाडा करणाऱ्या आयोगाचे अध्यक्ष थिमय्या. दक्षिण कोरियाचे अध्यक्ष सिंगमन री यांनी तर भारतीय सैनिकांना आपल्या जमिनीवर पाय ठेवू द्यायचं नाकारलं, त्यामुळं जवानांना इंचॉन बंदरातून हेलिकॉप्टरनं थेट निर्लष्करी पट्ट्यात न्यावं लागलं. सप्टेंबरमध्ये बिथरलेल्या कैद्यांनी मेजर ग्रेवाल या आपल्या अधिकाऱ्याला कुंपणाच्या आत ओढून नेलं. गोळीबाराचा हुकूम दिला असता तर त्यात गैर म्हणता आलं नसतं, पण शेकडो माणसं मेली असती आणि ग्रेवालही हाती लागले नसते. थोरात स्वतः त्या जमावात शिरले आणि बोलून बोलून आपला माणूस जिवंत बाहेर घेऊन आले. ज्या कैद्यांना कुठल्याच बाजूला जायचं नव्हतं, असे अठ्ठ्याऐंशी जण १९५४ साली भारतीय फौजेबरोबर बोटीनं आपल्या देशात आले. आपल्याला पकडून ठेवणाऱ्या शिपायांबरोबरच कैदी निघाले, असं फारसं कुठं ऐकायला मिळत नाही.

१९५७ साली थोरात पूर्व विभागाचे सेनापती झाले. मुख्यालय लखनौला आणि जबाबदारी थेट ईशान्येपर्यंतची. तिबेटात चिनी रस्ते सरहद्दीकडं सरकत होते. ऑगस्ट १९५९ मध्ये लाँगजूच्या ठाण्यावर चकमक झाली. त्यानंतर, ८ ऑक्टोबर १९५९ रोजी, थोरातांनी नेफाच्या, म्हणजे आजच्या अरुणाचलच्या संरक्षणाचा आराखडा दिल्लीला पाठवला.

त्या आराखड्याचं मर्म आमच्या झाडीपट्टीतल्या कुठल्याही शेतकऱ्याला पटेल. रानडुकरांपासून धान राखायला आपण जागलीला जातो, तेव्हा शेताच्या बांधावर वीस हातांवर एकेक माणूस उभा करत नाही. माळा कुठं बांधायचा, हाक मारली तर माणसं कुठून धावून येतील, हे आधी बघतो. थोरातांचं म्हणणं तसंच होतं. अगदी सरहद्दीवर लहान ठाणी असावीत ती शत्रू आला हे कळवण्यापुरती. खरी लढाई मागच्या, आपले रस्ते आणि रसद पोहोचेल अशा जागी द्यावी. तोवर डोंगर ओलांडून आलेल्या शत्रूची रसद ताणलेली असेल, आणि तिथं त्याला गाठावं. त्यासाठी किती सैन्य लागेल आणि ते नसेल तर काय होईल, हेही त्यांनी लिहिलं. मार्च १९६०मध्ये लखनौला 'लाल किला' नावाचा सराव घेऊन वरिष्ठ अधिकाऱ्यांना त्यांनी ते करूनही दाखवलं.

संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांना हे पटलं नाही. चीन हल्ला करणार नाही आणि वेळ आलीच तर मुत्सद्देगिरीनं निभावता येईल, असं त्यांना वाटत होतं. मेनन बुद्धिमान होते यात वाद नाही. पण बुद्धिमान माणसाला आपलं चुकतंय हे सांगणारा नकोसा होतो, तसं काहीसं इथं झालं असावं. मे १९६१मध्ये सरसेनापती थिमय्या निवृत्त झाले. आपल्या जागी थोरात यावेत, अशी त्यांची इच्छा होती. सरकारनं थापर यांना नेमलं आणि थोरातही त्याच महिन्यात निवृत्त झाले. पूर्व विभागात त्यांच्या खुर्चीवर आले एल. पी. सेन, म्हणजे कांगॉच्या तिघांपैकी तिसरे. पुढचा वणवा त्यांच्या वाट्याला आला.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. २० ऑक्टोबर १९६२च्या पहाटे नामका चू नदीकाठी ब्रिगेडियर जॉन दळवींच्या ब्रिगेडवर चिनी सैन्य तुटून पडलं. जिथं ठाणी नसावीत असं थोरातांनी तीन वर्षांपूर्वी लिहिलं होतं, नेमकी तशाच जागी ती होती. महिन्याभरात बोमदिला गेलं. त्या दिवसांत नेहरूंनी थोरातांना दिल्लीला बोलावून घेतलं. आराखडा बघून त्यांनी विचारलं, हा मला का दाखवला नाही? याचं उत्तर मेननच देऊ शकतील, असं थोरातांनी सांगितलं. पुस्तकातला हा प्रसंग मी तीनदा वाचला. मेनन गेले, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले आणि नव्या राष्ट्रीय संरक्षण परिषदेवर थोरातांना घेण्यात आलं.

त्या पराभवानं आमचा जिल्हाही बदलला. शस्त्रास्त्रांचे नवे कारखाने काढायचं ठरलं आणि १९६४ साली भंडाऱ्याजवळ जवाहरनगरचा आयुध निर्माणी कारखाना उभा राहू लागला. आमच्याकडं त्याला नुसतं 'फॅक्टरी' म्हणतात. माझ्या थोरल्या भावानं तिथं तीस वर्षं नोकरी केली. त्या पगारावर आमच्या दोन बहिणींची लग्नं झाली. बारुदाशी रोजचा संबंध. घरून निघताना आई त्याचा खिसा चाचपून आगपेटी नाही ना, हे बघायची. २४ जानेवारी २०२५च्या सकाळी तिथं स्फोट झाला आणि आठ कामगार गेले. निवृत्त भाऊ दिवसभर फोन हातात धरून बसून होता.

थोरातांच्या नागरी आयुष्याबद्दल लोक फारसं बोलत नाहीत. ते महाराष्ट्र लोकसेवा आयोगाचे अध्यक्ष होते. डोंगर, दारूगोळा, पलटणी यांचा हिशोब करणारा माणूस मुलाखतीला आलेल्या पोरांची पारख करत बसला. काहींना ही उतरण वाटेल. मला वाटत नाही. वरिष्ठांना खरं सांगितल्याची किंमत ज्यानं मोजली होती, त्याच्यापुढं भावी मामलेदार आणि अधिकारी येऊन बसत होते. यापेक्षा योग्य माणूस सरकारला कुठं मिळाला असता?

पुस्तक संपवलं त्या संध्याकाळी आई अंगणात सुपात तांदूळ निवडत होती. मी तिला सगळं सांगितलं, सोपं करून. ती निवडत राहिली. मग म्हणाली, "म्हणजे एका मानसानं आधीच सांगतलं होतं?"

"हो."

"मंग तेव्हाच काहून नाही आयकलं कोणी?"

मला उत्तर देता आलं नाही. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "तो मानूस आता कुठं हाय?"

कोल्हापूरला असतात, ऐंशी ओलांडलेत, असं मी सांगितलं.

"त्याले पत्र लिव. म्हणा, भंडाऱ्याच्या बाईनं इचारलं हाय."

मी होय म्हटलं. शाळेच्या परीक्षा, बदली, घरचं आजारपण यांत ते राहत गेलं. १९९२ साली त्यांच्या निधनाची बातमी वाचली तेव्हा पत्राचा मायना तेवढा लिहून झाला होता. आईला मी ती बातमी सांगितली नाही. ती गेल्यावर तिची पत्र्याची पेटी उघडली, तर तळाशी घडी पडून पिवळी झालेली पावती होती. दोन मणी, असं तिच्यावर निळ्या शाईत लिहिलेलं आहे, आणि खाली गुरुजींची सही.