गुरं तोंड लावत नाहीत ते इंधन

झाशीच्या बडा बाजारात पंसाऱ्याकडे करंजाच्या बिया मागितल्या, की तो आधी तुमच्या हातांकडे बघतो. आपल्याकडे ज्याला काष्ठौषधीचं दुकान म्हणतात, ते इकडे पंसाऱ्याचं. "खुजली है का?" त्याने विचारलं. खरजेवर करंजेल चोळायची रीत बुंदेलखंडातही आहे, हे तेवढ्यात कळलं. मी म्हटलं, खाज नाही, याच्या तेलाचं डिझेल होतं म्हणतात, म्हणून बघायला हव्यात. कागदाची पुडी वळता वळता तो शांतपणे म्हणाला, "फिर तौल के दें, कि नाप के?"

त्या थट्टेत अख्खा विषय आला होता. बी तोलून मिळतं, डिझेल मापून. एकाचं दुसरं करायला काय काय लागतं, हे झाशीच्या परिसरात गेली तीसेक वर्षं माणसं करून बघत आहेत.

मराठी माणूस इथे येतो तो राणीसाठी. किल्ला पाहतो, राणीमहाल पाहतो, वरसईचे गोडसे भटजी 1858 च्या वेढ्यात याच शहरात अडकले होते ते आठवतो आणि मुरली मनोहराच्या मंदिरापाशी बडा बाजाराच्या गर्दीत शिरतो. मीही तसाच शिरलो. पण माझं लक्ष सारखं जात होतं ते गाईंकडे. गल्ली जेमतेम दोन रिक्षांची, आणि तिच्या मधोमध गाय. हाकलली तर दोन पावलं सरकते, पुन्हा तिथेच.

या गाईंमागे एक रीत आहे. तिला इकडे 'अन्ना प्रथा' म्हणतात. रब्बीचं पीक घरात आलं, की गुरं मोकळी सोडून द्यायची. चारा नाही, पाणी नाही, दावणीला बांधून घालायचं काय? पूर्वी पाऊस पडला, की लोक आपापली गुरं परत आणत. आता भाकड गाय परत कोणी नेत नाही, ती बाराही महिने मोकळी. कुंपण नसलेल्या रानात तिने काय ठेवलं आणि काय खाल्लं, यावरच त्या रानात काय उगवणार ते ठरतं. भारतीय गवताळ प्रदेश आणि चारा संशोधन संस्था 1962 साली झाशीतच उभी राहिली, ती उगाच नाही. पुढे 1988 मध्ये कृषिवानिकीचं राष्ट्रीय संशोधन केंद्रही इथेच आलं. 2014 मध्ये त्याची केंद्रीय संस्था झाली. एक संस्था विचारते, गुराला काय घालायचं. दुसरी विचारते, शेतात झाड कसं टिकवायचं. झाशीत इंधनाचा विचार या दोन प्रश्नांच्या मधून वाट काढतच होतो.

म्हणूनच इथल्या पहिल्या प्रयोगांनी अशा वनस्पती उचलल्या, ज्यांना गुरं तोंड लावत नाहीत.

त्यातली पहिली बेशरम. विदर्भ-मराठवाड्यात तळ्याकाठी, नाल्याकाठी, गावाच्या हद्दीवर जांभळट गुलाबी फुलांचं जे झुडूप माजतं, तेच हे. मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. शोभेसाठी आलं आणि इथलंच झालं. कापलं तर फुटतं, काडी चिखलात फेकली तर रुजते, म्हणून हे नाव, आणि गंमत म्हणजे मराठीत आणि बुंदेलीत एकच. पानांत विषारी द्रव्य असतं. सतत खाणाऱ्या शेळ्या लडखडू लागतात.

झाशीहून अर्ध्या तासावर ओरछा आहे, मध्य प्रदेशच्या हद्दीत. तिथे 'डेव्हलपमेंट अल्टरनेटिव्हज' या संस्थेच्या 'ताराग्राम'मध्ये 1996 च्या सुमाराला 'देसी पॉवर'ने वीजनिर्मितीचं छोटं केंद्र उभारलं. त्यात जाळायला बेशरम. जवळच हातकागदाचा कारखाना होता. तिथे गावातल्या बाया चिंध्यांचा लगदा करून कागद काढत आणि त्यांच्या यंत्रांना ही वीज मिळे. तणापासून वीज, विजेपासून कागद, कागदापासून मजुरी. कागदावर तरी ही साखळी फार सुरेख दिसते.

तिच्या पोटात असतो गॅसिफायर. चुलीत लाकूड जळतं तेव्हा आपण त्याला हवी तेवढी हवा देतो. गॅसिफायरमध्ये नेमकं उलटं करतात, लाकडाला हवेसाठी तरसवतात. उंच नळकांड्यात वरून तुकडे टाकायचे. ते खाली सरकताना आधी वाळतात. मग तापून त्यांच्यातून दाट धूर सुटतो. त्याखालच्या थरात मोजकी हवा मिळते, तिथे ज्वलन होऊन तापमान हजार अंशांच्या वर जातं. सगळ्यात खाली लालबुंद कोळशाचा थर असतो. वरून आलेला कार्बन डायऑक्साईड आणि पाण्याची वाफ या कोळशातून जाताना त्यांचा ऑक्सिजन कोळसा हिसकावून घेतो, आणि खालून बाहेर पडतात कार्बन मोनॉक्साईड आणि हायड्रोजन. दोन्ही जळणारे. याला प्रोड्यूसर गॅस म्हणतात. दुसऱ्या महायुद्धात पेट्रोल मिळेना तेव्हा मागे कोळशाची भट्टी बांधलेल्या मोटारी आपल्या रस्त्यांवर धावत, त्या याच वायूवर.

हा वायू फार अशक्त असतो. निम्मा तर नायट्रोजनच, हवेबरोबर आत आलेला आणि काहीही न करता बाहेर पडणारा. जळणारे दोन वायू मिळून साधारण चाळीस टक्के. नैसर्गिक वायूच्या सातव्या-आठव्या हिश्शाइतकीच उष्णता त्यात असते. तरी डिझेल इंजिनाला तो चालतो. ठिणगीपुरतं थोडं डिझेल द्यायचं आणि बाकीचं काम वायूवर ढकलायचं. सत्तर टक्क्यांहून जास्त डिझेल अशा रीतीने वाचतं.

खरा शत्रू टार. धुरातला चिकट डांबरी अंश कोळशाच्या थरात पुरता मोडला नाही, तर तो इंजिनाच्या झडपांवर बसतो, आणि मेकॅनिक आठवड्यातून दोनदा यंत्र खोलून बसतो. वायू पाण्याने धुतला तर टार पाण्यात जातो आणि ते घाण पाणी कुठे सोडायचं हा नवा प्रश्न. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रा. मुकुंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 नंतरची कित्येक वर्षं या टारमागे घालवली. वरून उघड्या तोंडाचा गॅसिफायर केला, म्हणजे हवा दोन ठिकाणांहून येते, थर लांबतो आणि टार जास्त मोडतो. माझ्या मते देशातल्या ऊर्जा संशोधनातलं हे सर्वांत कमी गाजलेलं आणि सर्वांत कष्टाचं काम आहे.

यंत्र सुधारत गेलं. सरपणाचा हिशेब मात्र तसाच राहिला. एक युनिट विजेला साधारण किलो-सव्वा किलो वाळकं जळण लागतं. समजा, 50 किलोवॅटचं यंत्र दिवसाला आठ तास चाललं, तर रोज 400 ते 500 किलो. हे वजन वाळक्याचं आहे. बेशरमची दांडी पोकळ आणि पाणीदार. ती कापायची, बांधायची, वाहायची, हातहात तुकडे करायचे, उन्हात घालायची. पावसाळ्यात वाळवायची कुठे? तण फुकट असतं ते जोवर कोणाला नको असतं तोवर. रोज अर्धा टन घेणारं गिऱ्हाईक उभं राहिलं, की त्यालाही भाव येतो आणि जवळचं संपून लांबून आणावं लागतं. बायोमासची केंद्रं देशभर अडखळली, ती बहुतेक इथेच.

दुसरी वनस्पती मोगली एरंड, इकडची रतनजोत. तिच्यावर तर अख्खा देश भाळला होता. 31 डिसेंबर 2002 रोजी दिल्ली-अमृतसर शताब्दीच्या इंजिनात 5 टक्के बायोडिझेल मिसळून गाडी धावली. पुढच्याच वर्षी नियोजन आयोगाच्या समितीने पडीक जमिनीवर लाखो हेक्टर मोगली एरंड लावायची शिफारस केली. 2009 च्या जैवइंधन धोरणात 2017 पर्यंत 20 टक्के मिश्रणाचं लक्ष्य आलं. झाशीच्या कृषिवानिकी केंद्रातही मोगली एरंड आणि करंज यांच्या निवडक झाडांवर काम झालं. बुंदेलखंडाला तर हे झाड देवानेच पाठवल्यासारखं वाटलं असणार. राकड आणि परुआ म्हणजे इथल्या हलक्या तांबड्या जमिनी, पाऊस पडतो तो तीन महिन्यांत, आणि मोकळी गुरं रोप शिल्लक ठेवत नाहीत. मोगली एरंडाला पाणी कमी चालतं आणि गुरं त्याला शिवत नाहीत, कारण झाड विषारी.

पण वनस्पतीचं जगणं वेगळं आणि पिकणं वेगळं. पाण्यावाचून जगणारं झाड पाण्यावाचून बी भरत नाही. अंदाज बांधले गेले हेक्टरी कित्येक टनांचे. कोरड्या रानात टनभर बी मिळतानाही मारामार झाली. फळं एकदम पिकत नाहीत, एकाच घोसात हिरवं, पिवळं आणि काळं फळ, म्हणजे त्याच झाडाकडे पुन्हा पुन्हा माणूस पाठवायचा. आणि तेल काढल्यावर उरणारी पेंड? तीही विषारी. शेंगदाण्याची पेंड गाईला जाते आणि घाण्याचा खर्च भरून निघतो. इथे तो मार्गच बंद. ज्या गुणासाठी झाड निवडलं, तोच शेवटी अंगाशी आला. 2018 च्या धोरणात बायोडिझेलचं लक्ष्य 2030 पर्यंत 5 टक्के असं खाली आणलं गेलं.

करंजाची गोष्ट थोडी बरी. तो शिंबावर्गातला, मुळांच्या गाठींत हवेतला नायट्रोजन धरून ठेवणारा, म्हणजे जमिनीचं देणं फेडत वाढणारा. बियांत 30 टक्क्यांच्या आसपास तेल. हे तेल थेट इंजिनात घातलं तर घट्टपणामुळे फवारा नीट उडत नाही. म्हणून ते मिथेनॉलबरोबर थोड्या अल्कलीत तापवतात. तेलाचा रेणू म्हणजे ग्लिसरॉलच्या कण्याला चिकटलेल्या तीन लांब शेपट्या. मिथेनॉल एकेक शेपटी सोडवून घेतं. सुट्या शेपट्या म्हणजे बायोडिझेल, तळाला बसतं ते ग्लिसरॉल. करंजाच्या तेलात मुळातच काही शेपट्या सुटलेल्या असतात. त्यांचा अल्कलीशी साबण होतो आणि सगळा घाणा फेसाळतो. म्हणून आधी आम्लाची एक फेरी करून त्या आवरायच्या, मग अल्कली. झाडाला भरपूर फळायला मात्र सात-आठ वर्षं द्यावी लागतात, आणि खंडाने जमीन कसणारा माणूस सात वर्षं कशाच्या जोरावर थांबेल?

गुरं आणि इंधन यांचा प्रश्न फलटणला उलट्या बाजूने सोडवायचा प्रयत्न झाला. बनबिहारी निंबकरांनी 1968 साली स्थापन केलेल्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत, आयआयटीत शिकून अमेरिकेहून परतलेले अनिल राजवंशी 1981 पासून ऊर्जेवर काम करत आले. तिथली गोड ज्वारी, 'मधुरा', सगळ्यांच्याच तोंडी लागणारी आहे. कणीस माणसाला, ताटातला गोड रस आंबवून इथेनॉलला, चोथा गुरांना. सूर्याच्या उष्णतेवर इथेनॉल ऊर्ध्वपातित करायचा प्रयोगही त्यांनी केला, आणि उसाच्या पाचटावर चालणारा गॅसिफायरही. अडचण रसाची. ताट कापल्यावर तासातासाने साखर उतरत जाते, आणि कापणीचा हंगाम थोड्या आठवड्यांचा. कारखाना वर्षभर चालायचा तर उसाची मळी बरी, असं धंद्याने ठरवलं. पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल 2025 मध्ये आलं ते ऊस, मका आणि तांदूळ यांच्या बळावर, ज्वारीच्या नव्हे. याची मला खंत वाटते. उसाला जेवढं पाणी लागतं त्याच्या थोड्याशा हिश्शात ज्वारी उभी राहते.

आता एक हिशेब मांडू. हेक्टरभर करंजातून उदारपणे वर्षाला टनभर तेल धरलं, तरी त्यातली ऊर्जा साधारण 10,000 युनिटांएवढी, आणि इंजिनातून प्रत्यक्ष कामाला येते त्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढी. त्याच हेक्टरावर सौर पॅनेल मांडली तर वर्षाला साडेसात लाख युनिटांच्या आसपास वीज. दोष झाडाचा नाही. पान उन्हातल्या ऊर्जेचा शंभरातला एखादा भाग साठवतं, पॅनेल वीसेक भाग पकडतं. पानाला त्या भागातच मूळ, खोड, फूल सगळं बांधायचं असतं. पॅनेलचा संसार कारखान्यात आधीच झालेला असतो.

हे गणित सरकारलाही कळलेलं आहे. 19 नोव्हेंबर 2021 रोजी, राणीच्या जयंतीला, झाशी जिल्ह्यातल्या गरौठा तालुक्यात 600 मेगावॅटच्या सौर पार्कची कोनशिला बसली. खर्च 3,000 कोटींचा. पण बुंदेलखंडाचं ऊन दुधारी. स्फटिकी सिलिकॉनचं पॅनेल 25 अंशांच्या वर प्रत्येक अंशाला सुमारे 0.4 टक्के वीज गमावतं. जेठात हवा 45 अंशांवर जाते तेव्हा पॅनेल पासष्ट-सत्तरला पोचतं, म्हणजे भर दुपारी सोळा ते अठरा टक्के गेले. त्यात धूळ. ती धुवायला पाणी, आणि पाणी तर इथे माणसाला पुरत नाही.

शिवाय पॅनेलखाली सावली आणि ओल राहते, तिथे गवत माजतं. ते कापायला पुन्हा माणूस. परदेशात त्यासाठी मेंढ्या सोडतात. शेळी नको, ती वर चढते आणि तारा कुरतडते. झाशी-जालौनच्या पट्ट्यात जालौनी नावाची मेंढ्यांची जात आहे, आणि चारा संशोधनाला वाहिलेली देशातली प्रमुख संस्था झाशीत आहे. सावलीत कुठलं गवत वाढतं, त्याचा चारा किती, हा अभ्यास इथे नाही करायचा तर कुठे?

पुडी घेऊन स्टेशनकडे निघालो ते ई-रिक्षाने. पाव किलो बिया. घाण्यात घातल्या तर साठ-सत्तर ग्रॅम तेल, डिझेलच्या ऑटोला दोनेक किलोमीटर पुरेल एवढं. स्टेशन त्याहून लांब. ई-रिक्षाने तेवढ्या अंतराला पाव युनिटाच्या आसपास वीज खाल्ली असेल. ती बेतवाकाठच्या पारीछा औष्णिक केंद्रातल्या कोळशाची होती की कुठल्या पॅनेलची, हे तारेला कोण विचारणार? रिक्षावाल्याची काळजी निराळी होती. उन्हाळ्यात बॅटरी लवकर मरते, नवी घ्यायची तर तीन-चार महिन्यांची बचत जाते, असं तो सांगत होता.

बाजाराच्या तोंडाशी रिक्षा थांबली. पुढे गाय होती. तिने मान आत घातली, माझ्या मांडीवरची पुडी हुंगली आणि तोंड फिरवलं.