लांब हातांसाठी आखूड धनुष्य

अमेरिकेत अखंड लाकडाचे धनुष्य घेऊन हरणाच्या शिकारीला जाणारे थोडे, पण त्यांच्यासाठी धनुष्य घडवणाऱ्या कारागिरांपुढे एक मागणी पुन्हा पुन्हा येते. माणूस उंच, हात लांब, आणि धनुष्य मात्र त्याला आखूड हवे. मागणी अवाजवी नाही. पांढऱ्या शेपटीच्या हरणाची वाट पाहत तो झाडाला बांधलेल्या मचाणावर बसतो, नाहीतर झुडपाआड गुडघा टेकून राहतो. पावणेसहा फुटांचे धनुष्य तिथे फांद्यांत अडकते आणि त्याचे खालचे टोक मांडीला नाहीतर जमिनीला लागते. पण लाकूड आपली लांबी ओढीच्या, म्हणजे दोरी जितकी मागे खेचली जाते त्या अंतराच्या, हिशेबाने मागते. दोन्ही हात फैलावून बोटांच्या टोकांमधले अंतर, म्हणजे वाव, मोजावी आणि तिला अडीचने भागावे, की ओढीचा ढोबळ आकडा मिळतो. 76 इंच वाव असलेल्या माणसाची ओढ तीस इंचांच्या जराशी वर जाते. धनुष्यावर लिहिलेले पौंड, म्हणजे ते ओढायला लागणारा जोर, बहुधा 28 इंच ओढीचे असतात, हे त्याने आधीच ध्यानात ठेवलेले बरे. ताठ मुठीच्या धनुष्याचा रूढ आडाखा असा, की ओढीची दुप्पट करावी आणि त्यात न वाकणाऱ्या भागाची लांबी मिळवावी. साठ अधिक आठ, म्हणजे 68 इंच. यातले इंच कमी करायचेच असतील तर ते मुठीतून करावेत, वाकणाऱ्या पात्यांना हात लावू नये, असे माझे मत आहे.

त्याचे कारण लाकडाच्या वाकण्यात आहे. धनुष्य ओढले, की लक्ष्याकडची बाजू, तिला पाठ म्हणू, ताणली जाते आणि तिरंदाजाकडचे पोट दाबले जाते. बहुतेक लाकडे ताण सोसतात, दाबाला आधी हार मानतात. पोटाचे तंतू एकदा चेपले गेले, की दोरी उतरवल्यावरही धनुष्य पुरते सरळ होत नाही. हा कायमचा बाक म्हणजे वाया गेलेली शक्तीच. तंतूंवर किती भार पडेल हे पात्याची जाडी आणि वाक किती तीव्र आहे यावर ठरते, रुंदीवर नाही. आता एका टोकाशी पकडलेल्या पट्टीचा साधा हिशेब करून पाहू. पात्याची वाकणारी लांबी दहा टक्के कमी केली आणि टोक तेवढेच वाकवायचे ठरवले, तर भार सुमारे 23 टक्के वाढतो. तो पूर्वीइतकाच ठेवायचा तर जाडी 19 टक्के घटवावी लागते. जाडीचा घन ताठपणात उतरतो, त्यामुळे आखूड झालेल्या पात्याचा वाढीव ताठपणा जमेला धरूनही तेच पौंड मिळवायला रुंदी 37 टक्के वाढवावी लागते. दोन इंच रुंद पाते पावणेतीन इंचांवर जाते. इतकी रुंद आणि निर्दोष फळी एकाच खोडातून निघणे कठीण. निघाली तरी असे पातळ, रुंद पाते रंध्याच्या एका जास्तीच्या फटक्याने बिघडते, आणि लांबी वाचवायला निघालेला माणूस पिळवटलेले धनुष्य घेऊन बसतो.

मुठीचे तसे नाही. ताठ मुठीच्या धनुष्यात मधले चार इंच पकडीचे आणि वर-खाली दोन-दोन इंच उतरत्या जाडीचे, असे आठ इंच लाकूड नुसते हातात राहते, वाकत काहीच नाही. हा भागही थोडा वाकू दिला, तर 62 इंचांच्या धनुष्यात जवळपास सगळी लांबी कामाला लागते. 68 इंचांच्या ताठ मुठीच्या धनुष्यात वाकणारे लाकूड 60 इंच असते, इथे त्याहून कमी नाही. सहा इंच वाचले आणि तंतूंवर भार वाढला नाही. दुसरा कुठलाही उपाय इतका स्वस्त नाही.

यावर पहिला आक्षेप असा येतो, की वाकणारी मूठ बाण सुटताना हाताला झटका देते. देते, पण तो बहुधा मुठीच्या अतिवाकण्याचा आणि जड टोकांचा दोष असतो. मूठ पूर्ण ओढीच्या शेवटी-शेवटी जराशीच हलावी आणि पात्यांची शेवटची सहा-आठ इंच टोके अरुंद, हलकी करावीत, की झटका सहन होण्याइतका उरतो. टोकाचा प्रत्येक ग्रॅम दोरीबरोबर सर्वांत वेगाने धावतो, म्हणून वजन कमी करायची जागा तीच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. वाकणाऱ्या मुठीत बाण ठेवायला खाच कोरता येत नाही. बाण कातडी गुंडाळीच्या कडेवर किंवा बोटाच्या पेरावर टेकवावा लागतो, आणि मुठीला वळसा घालून जाताना त्याचा ताठपणा धनुष्याशी जुळलेला असावा लागतो. हे खरे आहे. पण बाण बदलणे धनुष्य बदलण्यापेक्षा सोपे असते. शिवाय लांब ओढीला लांब बाण लागतो, लांब बाण आपोआप लवचीक होतो, म्हणजे त्याची निवड या तिरंदाजाला तशीही काळजीने करावीच लागणार.

इतिहासाचा दाखला दोन्ही बाजू देतात. आखूड धनुष्यवाले इशीचे नाव घेतात. ‘याही’ नावाच्या जमातीचा हा माणूस 1911 साली कॅलिफोर्नियात ओरोव्हिलजवळ सापडला. त्याच्याकडून धनुर्विद्या शिकलेले शल्यचिकित्सक सॅक्स्टन पोप यांनी त्याच्या धनुष्याची लांबी 42 इंच नोंदवली आहे. पण त्या जुनिपरच्या धनुष्याच्या पाठीवर कंडरांचा थर चिकटवलेला होता, आणि कंडरा लाकडापेक्षा कितीतरी जास्त ताणल्या जातात. शिवाय त्याचे माप होते आडव्या पसरलेल्या हाताच्या टोकापासून विरुद्ध कमरेपर्यंत. म्हणजे इशीच्याच मापाने लांब हाताच्या माणसाचे धनुष्य लांब होते, आखूड नव्हे! अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातल्या जमातींची घोड्यावरून वापरायची चार फुटांच्या आतबाहेरची धनुष्येही तिरंदाज थोडीच ओढत. लांब धनुष्यवाले मेरी रोज जहाजाकडे बोट दाखवतात. 1545 साली बुडालेल्या त्या इंग्रजी जहाजातून यू लाकडाची सहा फुटांहून लांब धनुष्ये निघाली आणि त्यांचे बाण सुमारे तीस इंचांचे होते. मात्र ती शंभर पौंडांच्या वरची, अरुंद आणि जाड छेदाची युद्धाची हत्यारे होती. हरणाला पंचेचाळीस-पन्नास पौंड पुरतात, आणि चपट्या, आयताकृती छेदाचे पाते तेवढे काम कमी लांबीत करते. 1930 च्या दशकात क्लॅरेन्स हिकमन या पदार्थवैज्ञानिकाने गणिताने आणि मोजमापांनी असल्या पात्यांची बाजू मांडली. त्यानंतर अमेरिकी धनुष्याने इंग्रजी वळण सोडले.

मग ओढच कमी करावी, कोपर थोडा वाकवावा, असेही सुचवले जाते. दोरी चढवल्यावर ती मुठीपासून सहा इंचांवर असते. तीस इंच ओढीत बाणाला 24 इंचांचा रेटा मिळतो, 26 इंच ओढीत 20 इंचांचा. मार्गातला सहावा हिस्सा असा सोडून देणे म्हणजे लांब हातांची एकमेव मिळकत परत करणे. टोके वाफेवर मऊ करून पुढे वळवण्याचा उपाय याहून बरा. आखूड धनुष्यात पूर्ण ओढीला दोरी आणि टोक यांमधला कोन काटकोनापलीकडे जातो, तरफ कमी पडते, शेवटचे दोन इंच भिंतीसारखे जड होतात आणि दोरी बोटांना चिमटते. पुढे वळलेले टोक हा कोन कमी करते. पण वळवलेला भाग वाकत नाही, म्हणजे मुठीत वाचवलेले लाकूड आपण टोकाला खर्च करतो. एक-दीड इंचांचे वळण पुरे, जास्त नको.

लाकूड निवडताना ओसेज ऑरेंजला पहिली पसंती द्यावी. टेक्सास, ओक्लाहोमा, आर्कान्सा भागातले हे पिवळे लाकूड दाबाला चिवट असते. पाठीवर एकच वार्षिक वलय टोकापासून टोकापर्यंत अखंड राहील असे ते सोलावे आणि ओल आठ-नऊ टक्क्यांवर आल्याशिवाय वाकवू नये. हिकरी वापरायची असेल तर पोटाची बाजू निखाऱ्यावर भाजून घ्यावी, त्याने ती दाबाला कणखर होते. पाती तासताना ठरलेल्या पौंडांपलीकडे कधी ओढू नये, आणि एखादी जागा जास्त वाकताना दिसली की तिला सोडून इतरत्र तासावे. खालचे पाते इंचभर आखूड ठेवले तर गुडघ्यावर बसणाऱ्याची निम्मी तक्रार तिथेच मिटते.

तीस इंच ओढीला, नुसत्या लाकडात, मी 62 इंचांखाली जाणार नाही. त्याहून आखूड हवे असणाऱ्याने फायबरग्लासचे थर असलेले धनुष्य घ्यावे. बेअर कंपनीने त्या साहित्यात 52 इंचांचेही बनवले आहे.