बढती आणि बदली
(लेखमाला : नगर आणि क्रीडा – लेखांक सहावा)

मागील लेखांकात साखळी स्पर्धांतील बढती आणि अवनती यांचा कायदा कसा चालतो, तळाचे संघ खालच्या श्रेणीत का लोटले जातात आणि खालचे विजेते कोणत्या वाटेने वर येतात, याचे विवरण केले. ते वाचल्यावर एक प्रश्न आपोआप पुढे येतो, तो असा की, अकरा खेळाडूंना मिळालेल्या या बढतीचा त्यांच्या नगराला, म्हणजे जे मैदानाच्या फाटकाशीही कधी जाणार नाहीत अशा दुकानदाराला, रिक्षावाल्याला आणि मुकाट्याने घरपट्टी भरणाऱ्या कुटुंबाला, नेमका लाभ तो काय? वृत्तपत्रांतून या प्रश्नाचे उत्तर बहुधा एका आकड्यात दिले जाते, आणि तो आकडा नेहमी कोट्यवधींचा असतो. असल्या आकड्याकडे हिशेबतपासनिसाच्या संशयी नजरेने पाहणे इष्ट. कारण जमेच्या रकान्यात आलेली रक्कम कोणाच्या खिशातून निघाली आणि रात्र होण्यापूर्वी कोणत्या गावी निघून गेली, हे त्यात लिहिलेले नसते.

जमेची बाजू प्रथम पाहू, आणि तिच्यासाठी परदेशी जाणे प्राप्त आहे. वेल्सच्या ईशान्येस रेक्सम नावाचे एक नगर आहे. कोळसा आणि पोलाद यांवर ते पोसले गेले आणि ते दोन्ही उद्योग आटल्यावर इतर कित्येक ब्रिटिश नगरांप्रमाणे निस्तेज झाले. तेथील फुटबॉल संघ २००८ साली इंग्लंडच्या वरच्या चार श्रेण्यांतून बाहेर पडला आणि पंधरा वर्षे पाचव्या श्रेणीतच खितपत राहिला. २०२१ साली रायन रेनल्ड्स आणि रॉब मॅकेल्हेनी या दोन नटांनी तो विकत घेतला, त्याच्यावर दूरचित्रवाणीची एक माहितीपट-मालिका काढली, आणि २०२३, २०२४ व २०२५ अशा लागोपाठ तीन वर्षांत संघाने तीन बढत्या मिळविल्या. वरच्या पाच श्रेण्यांत असा विक्रम पूर्वी कोणाच्याही नावावर नव्हता. आज मैदानाला लागून असलेल्या 'द टर्फ' या पानगृहात अमेरिकेहून आलेली मंडळी छायाचित्रे काढीत बसलेली आढळतात, आणि हा पैसा खरोखर बाहेरून आलेला, नगराच्या दृष्टीने सर्वस्वी नवा पैसा होय. मात्र त्यातील किती चेंडूने आणला आणि किती कॅमेऱ्याने, याचा निवाडा करणे कठीण आहे.

लंडनच्या उत्तरेस असलेले ल्यूटन हे टोप्यांच्या धंद्यासाठी प्रसिद्ध असलेले गाव याहून अधिक बोधप्रद. तेथील मैदान चाळीवजा घरांच्या रांगेत असे अडकलेले आहे की, पाहुण्या संघाच्या प्रेक्षकांना घरांच्या खालून काढलेल्या बोळातून, लोकांच्या परसांकडे पाहत आत शिरावे लागते. २०२३ साली हा संघ सर्वोच्च श्रेणीत चढला, तेव्हा त्या श्रेणीच्या अटींनुसार एक बाजू पाडून नवी बांधणे भाग पडले. सुमारे एक कोटी पौंड खर्च झाला, आणि काम वेळेत न उरकल्यामुळे घरचा पहिलाच सामना पुढे ढकलावा लागला. पुढे एका वर्षात संघ खाली आला, दुसऱ्या वर्षात आणखी एक पायरी खाली गेला. इतके होऊनही बांधलेली बाजू, दिवे आणि दुरुस्त झालेली व्यवस्था तेथेच राहिली, ही गोष्ट नजरेआड करू नये. बढतीचा टिकाऊ लाभ बहुधा असा विटा-चुन्याच्या रूपाने शिल्लक राहतो.

फेरीवाले, उपाहारगृहे आणि वाहने यांच्या उत्पन्नाविषयी मात्र हात आखडता घ्यावा. रॉजर नोल आणि अँड्र्यू झिम्बलिस्ट या अमेरिकन अर्थशास्त्रज्ञांनी १९९७ साली संपादिलेल्या एका ग्रंथात क्रीडागारांच्या आर्थिक परिणामांचा जो छडा लावला, त्याचे सार असे की, सामन्याच्या दिवशी नागरिक जे खर्च करतो ते त्याने एरवीही त्याच नगरात, नाटकाला, खानावळीला किंवा मुलांच्या कपड्यांना, खर्च केलेच असते. पैसा एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत गेला एवढेच. नवा पैसा तो, जो परगावच्या माणसाने आणला. त्यात आणखी एक अडचण अशी की, चौदा संघांच्या साखळीत घरचे सामने भरतात तेरा. वर्षातून तेरा दिवस भरणाऱ्या बाजारावर कोणताही शहाणा वाणी गाळा घेणार नाही.

आता आपल्याकडे येऊ. सरकारी नोकरीत ज्याने उमेदवारी केली आहे त्याला बढतीच्या हुकुमाबरोबर बदलीचा हुकूमही त्याच लिफाफ्यातून कसा येतो हे सांगावयास नको. बढती घ्यावी तर बिऱ्हाड हलवावे, बिऱ्हाड राखावे तर बढती नाकारावी, असा तो पेच असतो. भारतीय फुटबॉलचा गेल्या दीड-दोन तपांचा इतिहास पाहता येथील संघांचेही तेच झाले आहे, असे दिसून येईल.

मुंबई एफसी हा संघ २००७ साली स्थापन झाला आणि २००८ साली आय-लीग या तेव्हाच्या सर्वोच्च राष्ट्रीय साखळीच्या दुसऱ्या श्रेणीत पहिला येऊन वर चढला. त्याचे घर म्हणजे कूपरेज. १८९१ साली सुरू झालेल्या रोव्हर्स चषकाच्या आठवणी ज्या मैदानाच्या कणाकणात मुरलेल्या, ते दक्षिण मुंबईतील मैदान. पण लवकरच कूपरेजचा जीर्णोद्धार निघाला, आणि मुंबईचे नाव छातीवर मिरविणारा हा संघ कित्येक हंगाम आपले 'घरचे' सामने दीडशे किलोमीटरवरच्या पुण्यात, बालेवाडीला खेळू लागला. गिरगावच्या किंवा वांद्र्याच्या चाहत्याने घाट चढून आपल्याच संघाचा पाहुणा व्हावे, अशी ही वहिवाट! कूपरेजवर कृत्रिम हिरवळ अंथरून झाल्यावर संघ परत आला खरा, पण तोपर्यंत प्रेक्षकांची सवय मोडली होती. २०१७ साली तो तळाला जाऊन अवनत झाला आणि पुढे उठलाच नाही.

मुंबईचाच दुसरा संघ, केंकरे एफसी, २०२१ च्या पात्रता स्पर्धेत दुसरा आला आणि एक जागा रिकामी झाल्याने २०२१-२२ साठी आय-लीगमध्ये दाखल झाला. तो महामारीचा काळ. सारी स्पर्धा पश्चिम बंगालमध्ये, कोलकाता, कल्याणी आणि नैहाटी येथे, बंदिस्त व्यवस्थेत खेळविली गेली. म्हणजे बढतीचे पहिले वर्ष मुंबईत एकही सामना न होता सरले. दुसऱ्या वर्षी कूपरेजवर सामने झाले आणि त्याच वर्षी संघ अवनत झाला. तिसरे उदाहरण पंजाबचे. आय-लीगच्या वर बसविलेल्या इंडियन सुपर लीगमध्ये खालून वर येण्याचा दरवाजा २०२३ पर्यंत बंदच होता. तो उघडल्यावर पहिला आत शिरला तो पंजाबचा संघ, आणि मोहालीच्या परिसरात अटी पूर्ण करणारे मैदान नसल्याने त्यालाही आपले घर दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये मांडावे लागले. ज्या नगराच्या नावाने विजय मिळाला, त्या नगरात ना तिकीट फाटले, ना चहाचा पेला विकला गेला.

उलट बाजूचा दाखला ऐझॉलचा. मिझोरामच्या डोंगरावरील हा संघ २०१५ साली वर चढला, २०१६ साली घसरला, आणि धेंपो, साळगावकर व स्पोर्टिंग हे गोव्याचे तीन संघ राष्ट्रीय फुटबॉल महासंघाच्या नव्या योजनेच्या निषेधार्थ बाहेर पडल्यामुळे त्याला पुन्हा जागा मिळाली. (यांपैकी धेंपोने त्याच वर्षी दुसरी श्रेणी जिंकून बढती कमावली होती आणि ती बाणेदारपणे नाकारली, पाच वेळा राष्ट्रीय विजेतेपद भोगलेल्या संघालाच असा दिमाख परवडतो.) अनेक वर्षे मुंबई एफसीला शिकविणारे खालिद जमील त्या हंगामात ऐझॉलला गेले, आणि एप्रिल २०१७ मध्ये ऐझॉलने देशाचे विजेतेपद पटकाविले, मुंबई एफसी बुडाला तो याच हंगामात. जमील पुढे २०२५ साली राष्ट्रीय संघाचे प्रशिक्षक झाले. माणूस तोच, पण ऐझॉलचे सामने ऐझॉलच्या मैदानावर, डोंगरउतारावरच्या वस्तीच्या डोळ्यांदेखत होत होते, हा भेद लहान नव्हे.

आणि तरीही केवळ मैदान घरचे असले म्हणजे भागते, असेही नाही. पुणे एफसीला २००९ साली बढती मिळाली. पुढच्याच हंगामात संघ देशात तिसरा आला, २०१२-१३ साली दुसरा. कारभार नेटका, कनिष्ठांची अकादमी नावाजलेली, मैदान पुण्याच्याच हद्दीत. पण १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेले बालेवाडीचे ते विस्तीर्ण संकुल महामार्गाच्या कडेला, पेठांपासून लांब. आणि संघाची मालकी एका उद्योगगृहाची. मालकाने २०१५ च्या सुमारास जमाखर्च पाहून हात काढून घेतला, तेव्हा सदाशिव पेठेत किंवा कॅम्पात कोणी हळहळल्याचे ऐकिवात नाही. त्यानंतर आलेल्या एफसी पुणे सिटीचेही तेच. २०१९ साली तिची जागा हैदराबादच्या संघाने घेतली, आणि २०२५ साली तोही संघ दिल्लीस गेला. येथे बढती नसताना नुसत्याच बदल्या!

याउलट कोल्हापूर पाहावे. त्या शहराचा एकही संघ राष्ट्रीय साखळीच्या वरच्या श्रेणीत कधी चढला नाही, आणि तरी महाराष्ट्रात फुटबॉलने ज्याचे खरे कल्याण केले असे नगर कोणते, असे कोणी विचारले तर मी दुसरे नाव घेणार नाही. छत्रपती घराण्याच्या आश्रयाने चालणाऱ्या कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशनची साखळी, शहराच्या मध्यवस्तीतील शाहू स्टेडियम, आणि पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, बालगोपाल, दिलबहार, खंडोबा, प्रॅक्टिस यांसारखे पेठापेठांचे संघ, असा तो सारा सरंजाम आहे. कुस्तीच्या तालमींतूनच यांतील बहुतेक संघ उगवले, त्यामुळे त्यांचा पोशिंदा कोणी शेठ नसून पेठ आहे. गणपतीला जशी वर्गणी निघते तशी संघालाही निघते. दुपारी सामना असला म्हणजे जेवण आटोपून माणसे पायीच निघतात, स्टेडियमबाहेर शेंगदाणे आणि चहा खपतो, आणि संध्याकाळी हरलेल्या पेठेत पंचाच्या निर्णयावर रात्रीपर्यंत खल चालतो. अलीकडे आफ्रिकेतले खेळाडूही या संघांतून खेळू लागले आहेत. चुरस हातघाईवर जाते, पोलिसांचा बंदोबस्त लागतो, हेही खरे. तो गुण म्हणून मी सांगत नाही. पण २०१७ साली भारतात भरलेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळलेला अनिकेत जाधव याच शहराचा.

हा सारा विचार मी पालीत बसून करीत आहे, तेव्हा आमच्या नगराचा जमाखर्चही मांडला पाहिजे. मीरा-भाईंदरची नगरपालिका १९८५ ची, महानगरपालिका २००२ ची. मिठागरे आणि भातखाचरे यांवर इमारती उभ्या राहून बनलेले हे शहर सकाळी चर्चगेटच्या गाडीने रिकामे होते आणि रात्री झोपावयास परत येते. पाली, उत्तन, चौक, डोंगरी ही पश्चिमेची गावे त्याच्या हद्दीत असूनही त्याच्या लयीत नाहीत; त्यांचे पंचांग होड्यांचे आहे. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत होड्या किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या असतात, तरुणांच्या हाताला काम नसते, आणि तेव्हा भर पावसात येथे फुटबॉलला ऊत येतो. बांबूच्या गोलखांबांना टाकाऊ जाळ्याचा तुकडा बांधलेला; आणि तो बांधणाऱ्याच्या बोटांना त्या गाठीची सवय अशी की, कोणत्याही क्रीडासाहित्याच्या दुकानातले जाळे इतके घट्ट बसत नाही. मुंबईत पावसाळा हाच फुटबॉलचा हंगाम मानण्याची जुनी रीत होती. त्या काळी चांगल्या खेळाडूला बँक, रेल्वे, एअर इंडिया किंवा खासगी कारखाने आपल्या संघासाठी नोकरीस घेत, आणि कित्येक किनाऱ्यावरच्या व गावठाणातल्या घरांत पहिला पगार या वाटेने आला. ती वाट आता जवळजवळ बुजली. २००५-०६ साली राष्ट्रीय विजेतेपद जिंकलेला महिंद्र युनायटेडदेखील २०१० साली बंद झाला.

समजा, या शहराचा एखादा संघ पायरी पायरीने वर चढला. बाहेरचा पैसा येईल काय? थोडा येईल, सुटीच्या दिवशी उत्तनचा समुद्र पाहावयास मुंबईची माणसे आजही येतातच, त्यांत सामन्याला आलेल्यांची भर पडेल. पण माझा भरवसा त्या पैशावर नाही. वरच्या श्रेणीत खेळावयाचे तर परवाना लागतो, आणि परवान्याच्या अटींत मैदान, वैद्यकीय व्यवस्था, शिक्षित प्रशिक्षक आणि मुलांचे संघ ही सर्व येतात. आजवर ज्या गोष्टी अर्ज-विनंत्या करून मिळाल्या नसत्या, त्या एका गुणतक्त्याच्या जोरावर मागता येतात. महापालिकेच्या अंदाजपत्रकात दिव्यांच्या खांबांची बाब घुसविण्यास यापेक्षा चांगले निमित्त नाही. बढती टिकली नाही तरी खांब टिकतील, आणि बंदीच्या महिन्यांत पालीच्या मुलांना पगारी, जाणत्या प्रशिक्षकाच्या हाताखाली खेळता येईल.

मात्र ते मैदान शहरातच हवे आणि त्याचा करार संघाच्या मालकाच्या सोयीने लिहिलेला नसावा. वर चढताच संघ अंधेरीच्या किंवा नवी मुंबईच्या तयार स्टेडियमकडे धाव घेणार, ही भीती वर दिलेल्या दाखल्यांवरून अवास्तव नाही. तेव्हा सार्वजनिक मैदान भाडेपट्ट्याने देताना घरच्या सामन्यांची किमान संख्या, स्थानिक मुलांसाठी राखीव तास आणि संघ मोडल्यास इमल्याचा ताबा कोणाकडे, ही तीन कलमे कशी घालावीत, कोणत्या अधिकाऱ्याच्या सहीने ती बंधनकारक होतात, आणि मुंबईतील जुन्या जिमखान्यांच्या पट्ट्यांत अशी कलमे का निष्फळ ठरली, त्याची तपशीलवार चर्चा पुढील लेखांकात करू.