पाहुण्याचा चहा, घरचा चहा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आमच्या इस्लापूरला कुणाच्या घरी गेलात आणि चहा नको म्हणालात, तर त्याचे दोनच अर्थ निघतात. एक तर तुम्ही घरच्यांवर नाराज आहात, नाही तर तुमचं पोट बिघडलंय. तिसरं कारण कुणी मानतच नाही. गाव किनवट तालुक्यातलं, मुदखेड-आदिलाबाद रेल्वेमार्गावरचं. सागाचं जंगल, जवळच पैनगंगेवरचा सहस्रकुंड धबधबा, आणि थोडं पुढं सरकलं की तेलंगणा. मराठी, तेलुगू, गोरमाटी, गोंडी आणि आमची दखनी, एवढ्या बोली इथं कानावर पडतात. चहाचा आग्रह मात्र सगळ्या बोलींत एकाच सुरात होतो आणि साखरही सगळीकडं सारखीच भरपूर असते.

२०१९ साली माझ्या रक्तात साखर निघाली. चहा सोडता आला तर बरं, निदान त्यातली साखर तरी सोडा, असा सल्ला मिळाला. दुसऱ्या दिवशी टपरीवर गेलो आणि हळूच बिनसाखरेचा चहा सांगितला. टपरीवाला मोठ्यानं म्हणाला, "काय झालं चाचा, साखर महाग झाली का?" बाकड्यावरचे सगळे माझ्याकडं पाहू लागले.

त्याची तरी काय चूक? आमच्या भागात साखर म्हणजे मान. फिका चहा पुढं ठेवणारा माणूस कंजूष ठरतो. माझ्या लहानपणी, १९७५ ते ८० च्या सुमाराला, आमच्या घरी दोन चहा होत. एक पाहुण्याचा, एक घरचा. पाहुणा दारात दिसला की अम्मा मला मागच्या दारानं शेजारी पिटाळायची. हातात वाटी. शेजारच्या काकू काही न विचारता वाटीत दूध घालायच्या. रेशनची साखर डब्यात जपून ठेवलेली असायची, ती निघायची. पाहुणा गेला की घरचा चहा. तो कोरा. गुळाचा, परसातल्या गवती चहाची पात टाकलेला. अम्मा त्याला चहा म्हणायचीच नाही. 'काला पानी' म्हणायची, आणि तो पिताना कुणी आलं तर कप पदराआड घ्यायची.

तर बिनसाखरेचा चहा. पहिले पंधरा दिवस तो औषधासारखा घेतला. कडू, तुरट, जीभ आखडून जाई. मग मनात आलं, पन्नास वर्षं मी जे आवडीनं पीत होतो ते चहा होतं की साखर? त्या प्रश्नानं मला वाचायला लावलं, आणि वाचता वाचता निरनिराळे चहा चाखायची खोड लागली.

पहिली गोष्ट कळली ती अशी की, हिरवा, काळा, पांढरा, ऊलाँग हे सगळे चहा एकाच झाडाचे. फरक पडतो तो पान तोडल्यावर त्याचं काय करतात त्यानं. वांगं चिरून ठेवलं की काळं पडतं, तसंच चहाचं पान चुरगाळलं की हवा लागून तांबूस होतं. पान खुडल्याबरोबर वाफेवर किंवा कढईत तापवलं तर हा रंग बदलणं तिथंच थांबतं, तो हिरवा चहा. पूर्ण काळं होऊ दिलं की आपला नेहमीचा. अर्ध्या वाटेवर थांबवलं की ऊलाँग. पांढऱ्या चहात कोवळ्या कळ्या फारशा न चुरगाळता नुसत्या सुकवतात. आपला गवती चहा मात्र यात कुठंच बसत नाही. ते गवतच. त्याचा लिंबासारखा वास मोठा गोड, पण चहाच्या झाडाशी त्याचं नातं नाही.

दुसरी गोष्ट आपल्या पातेल्यातली. दुकानात आपण घेतो ती बारीक गोळीची पावडर 'सीटीसी' पद्धतीची असते. क्रश, टेअर, कर्ल. दातेरी रुळांतून पान चेचायचं, फाडायचं आणि वळवायचं. हे यंत्र १९३० च्या सुमाराला आसामात निघालं आणि आज देशातला बहुतेक चहा असाच होतो. पान एवढं फाटलेलं असल्यामुळं रंग आणि कडकपणा झटकन उतरतो, थोड्या पावडरीत जास्त कप होतात. तुरटपणाही तितकाच. तिथं दूध कामाला येतं. दुधातली प्रथिनं त्या तुरट द्रव्यांना धरून ठेवतात आणि चहा मऊ लागतो. म्हणजे आपली उकळून, दूध घालून चहा करायची रीत अडाणीपणाची नाही. ती त्या पावडरीला शोभणारीच आहे.

हे सांगायचं कारण, या रीतीवर एका फार मोठ्या माणसानं कडक टीका करून ठेवली आहे. तीही आपल्या महाराष्ट्रात बसून. ९ ऑगस्ट १९४२ रोजी मुंबईत काँग्रेसच्या नेत्यांना अटक झाली आणि मौलाना अबुल कलाम आझाद, नेहरू, पटेल वगैरेंना अहमदनगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या, किल्ल्यात ठेवलं. तिथं मौलानांनी आपले स्नेही हबीबुर्रहमान खान शेरवानी यांना उर्दूत पत्रं लिहिली. ती टपालात पडणं शक्य नव्हतं. १९४६ साली ती 'गुबार-ए-खातिर' या नावानं पुस्तकरूपानं आली. त्यातलं एक लांबलचक पत्र चहावर आहे.

मौलाना पहाटे तीन-चारला उठत, स्वतःच्या हातानं चहा करत आणि लहान पेल्यातून घोट घोट घेत. एक घोट चहाचा, एक झुरका सिगारेटचा. त्यांचा चहा चीनचा, 'व्हाइट जस्मिन' नावाचा. त्याला ते लाडानं गोरी चमेली म्हणतात. दूध अर्थातच नाही. चहात दूध घालून आपण त्याचा पातळ हलवा करून टाकतो, असा त्यांचा आक्षेप. साखरही काचेसारखी स्वच्छ हवी. आणि नेहरूंना गूळसुद्धा आवडतो, साखरे-साखरेतला फरक त्यांना हजार प्रयत्न करूनही पटवता आला नाही, ही त्यांची गंमतीची तक्रार. त्याच कैदेत, १९४३ च्या एप्रिलमध्ये, त्यांची पत्नी कलकत्त्यात वारली. त्याही दुःखावर एक पत्र त्याच पुस्तकात आहे.

बी. ए. ला असताना ते चहाचं पत्र मी वाचलं तेव्हा हसू आलं होतं. तुरुंगात बसून माणूस पानांच्या सुगंधावर पानंच्या पानं लिहितो, ही मला श्रीमंती चोचल्याची गोष्ट वाटली. मधुमेह झाल्यावर पुन्हा वाचलं तेव्हा हसू आलं नाही. चीनमध्ये असा चहा करताना मोगऱ्याच्या कळ्या रात्री चहाच्या पानांत थरांनी घालून ठेवतात. कळ्या उमलतात आणि त्यांचा वास पानं शोषून घेतात. पुन्हा ताजी फुलं, पुन्हा तीच रात्र, असं अनेकदा. आता अशा चहात म्हशीचं दूध ओतलं तर तो वास कुठं जाईल, सांगा!

मौलानांशी माझं एका बाबतीत जमत नाही. इंग्रजांनी हिंदुस्थानात पिकवलेला चहा हा खरा चहाच नव्हे, असं ते म्हणतात. पण १८२३ मध्ये रॉबर्ट ब्रूस याला आसामात सिंगफो लोकांकडं जे झाड पाहायला मिळालं ते चहाचंच, चिनी झाडाचा रुंद पानांचा भाऊ. सिंगफो मंडळी इंग्रजांच्या आधीपासून चहाची पानं भाजून, बांबूच्या नळीत ठासून, धुरावर ठेवत आली आहेत.

नांदेडहून एकदा मी दार्जिलिंगचा सुटा चहा आणला. पाव किलोला जे पैसे पडले ते घरी सांगितले नाहीत. बायकोनं नेहमीसारखा पातेल्यात टाकला, आलं ठेचून घातलं, दूध घातलं, चांगल्या चार उकळ्या दिल्या. एक घोट घेतला आणि म्हणाली, "इत्ते पैसे देके घास का पानी लाए?" किंमत तिनं न सांगता ओळखली होती. चूक माझीच, काय आणलंय हे मी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पाणी उकळून गॅस बंद केला, मिनिटभर थांबलो, कपाला एक लहान चमचा पानं टाकून झाकण ठेवलं. तीन मिनिटांनी गाळलं. रंग फिका, मधासारखा. बायकोनं कप नाकाशी नेला आणि काहीच बोलली नाही, पण सगळा प्यायली. हिरव्या चहाला पाणी याहून कोमट लागतं, ऐंशी अंशांच्या आतबाहेर, नाही तर तो कडवट होतो. एवढं सांभाळलं की झालं.

या दार्जिलिंगची एक गोष्ट शेतकऱ्यांना सांगितली की ते खूश होतात. तिथल्या मे-जूनच्या तोडणीला पिकल्या द्राक्षासारखा वास येतो, त्याला मोल फार. तो वास येण्यात एका किडीचा हात आहे. आपल्या कापसावर पडणाऱ्या तुडतुड्यांचेच ते भाऊबंद. ते कोवळ्या पानातला रस शोषतात, झाड स्वतःला वाचवायला काही द्रव्यं तयार करतं आणि त्यातून तो सुगंध येतो. आम्ही तुडतुड्यांवर फवारे मारून मारून थकलो आणि तिकडं त्यांच्या उष्ट्याला भाव!

चाखायची रीतही सांगतो. चहाच्या कंपन्यांत चव पारखणारे लोक चमच्यानं चहा घेतात आणि जोरानं फुर्रकन ओढतात. हवेबरोबर चहाचे तुषार तोंडभर उडतात आणि वास घशाच्या मागून नाकात चढतो. चवीचा मोठा भाग वासातच असतो. हे वाचलं आणि मला माझे दादा आठवले. ते चहा बशीत ओतत, फुंकर घालत आणि शेजारच्या घरी ऐकू जाईल असा फुरका मारत. कॉलेजात गेल्यावर मला त्याची लाज वाटायची. बशीत चहा निवतो, हेही चांगलंच. जीभ भाजली की चव कळत नाही. शिवाय जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २०१६ मध्ये सांगितलं आहे की ६५ अंशांहून गरम पेयांमुळं अन्ननलिकेच्या कर्करोगाचा संभव वाढत असावा. दादा शहाणे होते.

हैदराबादकडचा इराणी चहा ही आमच्या भागाची जुनी ओढ. १९५६ पर्यंत आम्ही त्याच राज्यात होतो. त्यात चहाचं पाणी झाकण घट्ट बंद करून मंद आचेवर तासन्‌तास दम खात असतं. दूध वेगळं आटतं. दोघांची गाठ कपातच पडते. म्हणून तो चहा कडक असूनही खरखरीत लागत नाही. बरोबर उस्मानिया बिस्कीट. तो बिनसाखरेचा मागायचं धाडस मी अजून केलेलं नाही, महिन्यातून एकदा अर्धा कप घेतो आणि त्या दिवशी भात सोडतो.

गुळाच्या चहाविषयी एक गैरसमज पसरला आहे की तो मधुमेहाला चालतो. चालत नाही. गूळ ही साखरच. ज्यांना चालतो त्यांनी मात्र जरूर प्यावा. तो नासू नये म्हणून गूळ आधी पाण्यात विरघळवावा, पातेलं खाली उतरवावं आणि मग गरम दूध घालावं. आलंही दुधाच्या आधीच पाण्यात उकळलेलं बरं, कच्च्या आल्यानं दूध फाटतं.

आता मी रोज कोराच घेतो. गवती चहाची पात, चिमूटभर पावडर, दोन मिनिटं झाकण. गूळ तेवढा नाही. अम्मा आता नाही. तिचा काळा पाणी मी पाहुण्यांपुढंही ठेवतो. काही जण आवडीनं घेतात. काही जण कप हातात धरून स्वयंपाकघराकडं पाहत राहतात, दूध यायचं आहे असं समजून.

गेल्या पावसाळ्यात सहस्रकुंडला पाणी बघायला गेलो होतो. परतताना वाटेवरच्या वस्तीत जुन्या मित्राच्या घरी थांबलो. तो शेतात होता, म्हातारी माय चुलीजवळ. तिच्या कपात कोरा चहा होता. मला पाहून तिनं कप पाटीमागं सरकवला. म्हणाली, "बस बाबा, म्हैस आटली रे आमची."

मी म्हणालो, "माय, मला तोच दे. मी घरीही तोच पितो."

"असं कुठं असतं का?" ती म्हणाली आणि नातवाला हाक मारली. मी दोनदा सांगितलं, डॉक्टरचं नाव घेतलं. ती माझ्याकडं पाहून हसली. पोरगा वाटी घेऊन केव्हाच पळाला होता.

चहा आला. दाट, पांढराफेक, साखर बहुतेक तीन चमचे. मी बशीत ओतला, फुरका मारला आणि अर्धा प्यायलो. मग म्हणालो, "माय, आता तुझ्यातला थोडा दे." तिनं पाटीमागचा कप काढला, पदरानं त्याची कड पुसली आणि माझ्या बशीत ओतला.