आवाज गेला, शब्द शिल्लक आहेत

अतिदक्षता विभागात कृत्रिम श्वासोच्छ्वासावर असलेल्या रुग्णाशी नातेवाईक हमखास मोठ्याने बोलतात. ‘ओळखलं का? मी कोण?’ असे कानाशी ओरडून विचारतात. रुग्णाचे कान बहुतेक वेळा शाबूत असतात, अनेकदा समजही शाबूत असते. अडचण वेगळीच असते. तोंडातून श्वासनलिकेत घातलेली नळी दोन स्वरतंतूंच्या मधून जाते. गळ्याला छेद देऊन नळी बसवली असेल, तर हवा स्वरतंतूंपर्यंत पोचतच नाही. मग आवाज निघणार कसा? रुग्ण हात हलवतो, नळीकडे बोट नेतो. ‘पेशंट अस्वस्थ आहे’ अशी नोंद होते, कधी हात बांधले जातात, कधी गुंगीचे औषध वाढते. त्याला कदाचित एवढेच सांगायचे असते, की पाठीखाली चादरीची घडी रुतते आहे.

बोलता न येण्याची कारणे अनेक आहेत आणि त्यांतला फरक ओळखणे ही पहिली पायरी. मोटर न्यूरॉन आजारात किंवा सेरेब्रल पाल्सीत जीभ, ओठ, घसा यांच्या स्नायूंवरचा ताबा जातो. भाषा मात्र डोक्यात असू शकते. पक्षाघातानंतर होणाऱ्या वाचाघातात भाषेच्या केंद्रांनाच इजा झालेली असते. अशा माणसाच्या हाती पाटी-पेन्सिल दिली तरी शब्द सापडत नाहीत. त्याला चित्रे, फोटो, हावभाव यांचा जास्त उपयोग होतो. घरचे लोक बाराखडीचा तक्ता पुढे धरतात, तो नुसता बघत राहतो आणि ‘यांना आता काही कळत नाही’ असा निष्कर्ष निघतो. तो अनेकदा चुकीचा असतो.

भाषा शाबूत आणि शरीर पूर्ण बंद, याचे टोकाचे उदाहरण म्हणजे फ्रान्समधील पत्रकार जाँ-डॉमिनिक बोबी. डिसेंबर १९९५ मध्ये, वयाच्या ४३ व्या वर्षी त्यांच्या मेंदूच्या देठात पक्षाघाताचा झटका आला. हातपाय गेले, वाचा गेली. हलत होती ती मुख्यतः डावी पापणी. समोरच्या व्यक्तीने एकेक अक्षर उच्चारायचे, हवे ते अक्षर आले की बोबींनी पापणी मिटायची. अक्षरांचा क्रम वर्णमालेचा नव्हता. फ्रेंचमध्ये जी अक्षरे जास्त लागतात ती आधी घेतली होती : ई, एस, ए, आर... या पद्धतीने त्यांनी अख्खे पुस्तक सांगितले. ते मार्च १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले आणि काही दिवसांतच बोबी गेले. या सगळ्यात यंत्र कुठेच नव्हते. लागली ती एक पापणी आणि तासन्‌तास बसून लिहून घेणारी एक व्यक्ती.

मराठीसाठी तर असा तक्ता आयताच तयार आहे. आपली वर्णमाला मुळातच ओळींत मांडलेली आहे : स्वर, मग क, च, ट, त, प हे वर्ग, शेवटी ‘य’ आणि ‘श’पासूनची अक्षरे. आधी ओळ विचारायची, मग ओळीतले अक्षर. समजा रुग्णाला ‘पाठ’ म्हणायचे आहे. ‘स्वर? क? च? ट? त? प?’ सहाव्या प्रश्नाला होकार. मग ओळीतले पहिलेच अक्षर, ‘प’. पुढे ‘ट’ची ओळ, दुसरे अक्षर, ‘ठ’. तेरा प्रश्नांत ‘पठ’ तयार. एकेक व्यंजन विचारत गेले असते, तर नुसत्या ‘प’पर्यंत पोचायलाच एकवीस प्रश्न लागले असते. काना-मात्रा, जोडाक्षरे, ऱ्हस्व-दीर्घ यांचा हट्ट इथे धरायचा नाही. ‘पठ दखत’ एवढ्यावरून ‘पाठ दुखते’ हे कोणाही मराठी माणसाला कळते. शुद्धलेखनाचा आग्रह धरणारे एखादे काका घरात असतील, तर त्यांना लिहून घ्यायला बसवू नये.

तक्त्याआधी खुणा ठरवाव्या लागतात. वर पाहिले की ‘होय’, डोळे घट्ट मिटले की ‘नाही’, असे काहीतरी. ही खूण कागदावर ठळक लिहून खाटेच्या उशाशी लावावी, कारण दिवसात तीन पाळ्या बदलतात आणि सकाळच्या सिस्टरला कळलेली खूण रात्रपाळीला ठाऊक नसते. एका वेळी एकच प्रश्न विचारावा. ‘पाणी हवं की झोपायचंय?’ याचे उत्तर पापणीने देता येत नाही. रुग्णाचा चष्मा आणि श्रवणयंत्र बहुधा दाखल करतानाच काढून नातेवाइकांच्या पिशवीत गेलेले असते, ते आधी परत आणावे. आणि तक्त्यावर ‘यापैकी काही नाही’ असा एक चौकोन हवाच. तो नसला तर रुग्ण दुखणे, तहान, लघवी या आपण ठरवलेल्या यादीतच अडकून पडतो.

यंत्रांची गोष्ट यानंतरची. स्टीफन हॉकिंग यांची वाचा १९८५ मध्ये न्यूमोनियानंतर गळ्याला छेद द्यावा लागल्याने पूर्ण गेली. सुरुवातीला तेही समोर धरलेल्या अक्षरतक्त्यावर भुवई उंचावूनच बोलत होते. नंतर संगणक आला. हातातले एक बटण दाबून पडद्यावरचे शब्द निवडायचे. वेग मिनिटाला सुमारे पंधरा शब्द. आपण साधारण दीडशे बोलतो. पुढे हातही गेला, तेव्हा गालाच्या स्नायूची हालचाल टिपणारा संवेदक चष्म्यावर बसवला. अधिक चांगले कृत्रिम आवाज उपलब्ध झाले, तरी त्यांनी जुना यांत्रिक, अमेरिकी वळणाचा आवाज सोडला नाही. तोच आपला आवाज, असे त्यांचे म्हणणे होते.

आता नजर टिपणारी यंत्रे आहेत. ती डोळ्यावर अवरक्त प्रकाश टाकून बुबुळावरचे प्रतिबिंब मोजतात आणि माणूस पडद्यावर कुठे पाहतो आहे हे ओळखतात. २०२३ मध्ये अमेरिकेतील दोन संशोधक गटांनी मेंदूत बसवलेल्या विद्युत्‌-अग्रांच्या साहाय्याने मिनिटाला ६२ आणि ७८ शब्दांपर्यंत मजल मारली. हे काम थक्क करणारे आहे, पण ते अजून प्रयोगाच्या पातळीवर, मोजक्या रुग्णांपुरते आहे. त्याची वाट पाहत तक्ता करायचे थांबू नये.

मुलांसाठी चित्रे लागतात. मुंबईच्या आयआयटीतील आयडीसी या अभिकल्प विभागाने तयार केलेले ‘जेलो’ हे मोफत ॲप मराठीतही आहे. मूल चित्राला बोट लावते आणि फोन ते शब्द बोलतो. मधोमध वस्तू आणि कृती, कडेला ‘आवडते’, ‘नको’, ‘आणखी’ अशी भावना सांगणारी बटणे. चेन्नईत तयार झालेले ‘आवाज’ हे ॲपही याच धर्तीचे. पालकांची एक भीती नेहमीची : ‘फोन बोलायला लागला, तर हा बोलायचा प्रयत्नच सोडेल.’ अभ्यासांतून तसे आढळलेले नाही. अनेक मुलांचे बोलणे उलट थोडे वाढते. मात्र ॲप उतरवून घेतले की काम झाले, असे होत नाही. घरच्यांनी स्वतः ती चित्रे दाबून मुलाशी बोलावे लागते, जसे तान्ह्या बाळाशी आपण ते बोलण्याच्या कितीतरी आधीपासून बोलतो. यासाठी वाचा-उपचारतज्ज्ञांचा सल्ला घ्यावा. वांद्रे येथील अली यावर जंग संस्थेत ही सोय आहे.

दिव्यांग हक्क कायदा, २०१६ मध्ये ‘संवाद’ या शब्दाच्या व्याख्येतच अशा पूरक आणि पर्यायी पद्धतींचा समावेश आहे. तेव्हा शस्त्रक्रियेच्या संमतिपत्रावर नातेवाइकाची सही घेण्याआधी रुग्णाला पापणीने विचारता येते का, हे पाहणे ही मेहेरबानी नव्हे.

मोटर न्यूरॉन आजाराच्या रुग्णांना मात्र एक गोष्ट निदानानंतर लगेच सांगायला हवी. आवाज स्पष्ट आहे तोवर तो फोनवर मुद्रित करून ठेवावा. नेहमीची वाक्ये, नातवंडांना मारायची हाक, देवापुढे म्हणायचे चार शब्द, एखादी ठेवणीतली शिवीसुद्धा. पुढे हीच मुद्रिते ॲपच्या बटणांना जोडता येतात. जीभ जड होऊ लागल्यावर सुरुवात केली, तर उशीर झालेला असतो. आणि ही मुद्रिते एकाच फोनमध्ये ठेवू नयेत. घरातल्या आणखी दोघांच्या फोनवर त्यांची प्रत असावी.