दोष उन्हाचा नव्हे

सोलापुरात एप्रिल उजाडला की गाडीच्या प्रत्येक दुखण्याचं खापर उन्हावर फुटतं. तापमानाचा काटा नेहमीपेक्षा वर राहिला, कूलंटची पातळी उतरली, सुरू करताना धूर निघाला, तरी उत्तर ठरलेलं: ऊनच तसलं आहे. पारा 42-43 अंशांवर जाणाऱ्या गावात हे उत्तर पटकन पटतं आणि म्हणूनच ते घातक आहे. माझं म्हणणं नेमकं उलट आहे. थंड प्रदेशात इंजिनाच्या सुरुवातीच्या बिघाडाला लपायला जेवढ्या जागा मिळतात, तेवढ्या सोलापूरच्या उन्हाळ्यात मिळत नाहीत. इथलं ऊन लक्षणं उघडी पाडतं. ती वाचायची सोडून आपण उन्हालाच आरोपी करतो. स्पोर्ट्स गाडीच्या बाबतीत ही चूक फार महागात पडते, कारण तिथे प्लॅस्टिकच्या एका डबीचा बिघाड आणि आख्ख्या इंजिनाचा बिघाड सुरुवातीला जवळपास सारखाच दिसतो.

ही डबी म्हणजे ऑइल सेपरेटर. तिच्याबद्दल सगळ्यात जास्त खल झाला तो पोर्शेच्या एम96 इंजिनामुळे. 1996 साली ते बॉक्स्टरमध्ये आलं आणि 1997 मध्ये नव्या 911 मध्ये. तोवरच्या साऱ्या 911 हवेनं थंड होत, ही पाण्यानं थंड होणारी पहिली. कोणत्याही इंजिनात, अगदी नव्याकोऱ्यासुद्धा, जळालेल्या वायूचा थोडा अंश पिस्टनच्या रिंगांना चुकवून खाली क्रँककेसमध्ये उतरतो. तो तिथेच कोंडला तर सील बाहेर ढकलली जातील, म्हणून इनटेकच्या ओढीनं तो वर खेचून पुन्हा जाळतात. पण या वायूत तेलाचे बारीक तुषार मिसळलेले असतात. सेपरेटर वायूला आत गोल फिरवतो, जड तेल कडेला लागून खाली ओघळतं आणि संपमध्ये परत जातं. डबीत स्प्रिंगवर तोललेला एक रबरी पडदाही असतो. इनटेक कितीही जोरानं ओढो, क्रँककेसवर ती ओढ बेताचीच पडावी, हे त्याचं काम. गरम तेलाच्या वाफेत वर्षानुवर्षं राहून हा पडदा कडक होतो आणि एक दिवस चिरतो. मग इनटेकची सगळी ओढ थेट क्रँककेसला लागते, तेल वर खेचलं जातं आणि सायलेन्सरमधून धुराचे लोट निघतात. तेल दाबलं जात नाही. ते सिलिंडरमध्ये फार साचलं तर कनेक्टिंग रॉड वाकून इंजिनच जाऊ शकतं.

इथे उन्हाची साक्ष कामाला येते. थंडीच्या देशात सकाळी प्रत्येक गाडीच्या मागे पांढरा फवारा दिसतो. ती नुसती पाण्याची वाफ असते आणि खरा धूर तिच्यात बेमालूम लपतो. मे महिन्यात सोलापूरची पहाटही उबदार आणि कोरडी असते, त्या हवेत वाफ दिसायला थांबतच नाही. म्हणजे इथे सायलेन्सरमागे पांढरं काही रेंगाळलं तर ते पाणी नव्हे, हे जवळपास ठरलं. आडव्या सिलिंडरांच्या इंजिनात रात्रभरात थोडं तेल झिरपतं, त्यामुळे सुरू करताना एखादा झोत निघणं स्वाभाविक आहे. दोन मिनिटांनंतरही धूर चालूच राहणं स्वाभाविक नाही. तेलाचा धूर निळसर असतो, हवेत तरंगत राहतो, त्याला करपल्याचा वास येतो. कूलंटचा धूर दाट पांढरा, वास गोडसर, आणि टाकीतली पातळी दर आठवड्याला थोडी खाली. ऑइलच्या झाकणाखाली जमणारा दुधट, पिवळसर थर घ्या. थंड देशात छोट्या फेऱ्यांमुळे तेल पुरतं तापत नाही, ओल उडून जात नाही, आणि हा थर निरुपद्रवी ठरतो. सोलापूरच्या उन्हाळ्यात अर्धा तास चाललेल्या गाडीला ही सूट देता येणार नाही. पावसाळ्यात, किंवा आठवड्यातून एकदा जुळे सोलापूरहून सात रस्त्यापर्यंत जाऊन परत येणाऱ्या गाडीला देता येईल.

यावर हमखास येणारा आक्षेप असा की, आजकाल स्कॅनर लावला की सगळं कळतं, धुराचे रंग बघत कोण बसणार? स्कॅनर उपयोगाचा आहे, पण तो परिणाम सांगतो, कारण नव्हे. पडदा चिरला की मोजणीतून सुटलेली हवा इनटेकमध्ये शिरते. कॉम्प्युटरला मिश्रणात पेट्रोल कमी पडलेलं दिसतं आणि तो तसा कोड टाकतो. कोड वाचून ऑक्सिजन सेन्सर बदलला जातो, मग एअर-फ्लो सेन्सर, मग प्लग. डबी जागच्या जागीच. दुसरा प्रकार याहून खर्चिक. वाढलेल्या ओढीमुळे क्रँकचं मागचं सील आत खेचलं जातं, तिथून तेल गळू लागतं, आणि गिअरबॉक्स उतरवून सील बदललं तरी मूळ ओढ तशीच राहते. उलट खात्रीची चाचणी स्वस्त आहे: पारदर्शक नळी यू आकारात वाकवून फळीवर बसवायची, तिच्यात रंगीत पाणी भरायचं आणि एक टोक भोक पाडलेल्या जादा ऑइल झाकणाला जोडायचं. इंजिन पुरतं गरम होऊन आयडलिंगवर असताना दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक एम96 मध्ये साधारण 10 ते 15 सेंटीमीटर राहतो. तो 20 च्या पुढे गेला की पडदा संपत आला, धूर अजून दिसत नसला तरी. झाकण हातानं ओढून बघण्यापेक्षा हे बरं, कारण निरोगी इंजिनही झाकण उघडलं की आवाज बदलतं.

कूलंटच्या बाबतीत तर उन्हाची सबब आकड्यांतच तपासता येते. कूलंट 95 अंशांवर आणि बाहेर 23 अंश असेल तर रेडिएटरला उष्णता टाकायला 72 अंशांचा फरक मिळतो. बाहेर 43 असेल तर 52 चा. रेडिएटरची ताकद ढोबळमानानं पाव हिश्श्याहून थोडी अधिक घटते, हे खरं. पण थर्मोस्टॅट, पंखे आणि रेडिएटरचा आकार ही घट धरूनच ठरवलेले असतात. निरोगी यंत्रणेत काटा थोडा हलेल, लाल पट्टीकडे धावणार नाही. धावला तर राखीव ताकद आधीच कुठेतरी खर्च झाली आहे, उन्हानं फक्त हिशेब उघड केला. कुठे खर्च झाली हेही रस्ता सांगतो. नवी पेठेच्या गर्दीत काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो, तर पंखा किंवा त्याचा रेझिस्टर. टेंभुर्णी ते मोहोळ चांगल्या वेगात चढतो, तर पाणी फिरत नाही किंवा रेडिएटर चोंदला आहे. या पोर्शेंचे रेडिएटर पुढच्या बंपरच्या कोपऱ्यांत असतात. तिथे पाचोळा आणि धूळ साठते, ती बाहेरून दिसतही नाही. आणि ज्याला मला सगळ्यात जोरानं विरोध करायचा आहे ते म्हणजे पातळी उतरली की बोअरचं पाणी ओतणं. ते जड असतं, त्यातला क्षार नेमका सगळ्यात तापणाऱ्या जागी, सिलिंडर हेडच्या वाटांत बसतो. दर वेळी कूलंट पातळ होतं, उकळबिंदू उतरतो, गंज रोखणारी रसायनं विरतात, आणि गळती मात्र चालूच. बंद यंत्रणेतलं पाणी उन्हानं आटत नाही. कमी झालं तर ते कुठेतरी गेलेलं असतं. इंजिन पूर्ण थंड असताना हातपंपानं दाब देऊन दहा मिनिटं गेज बघितलं की बाहेरची गळती सापडते. बॉक्स्टरमध्ये बहुधा डिकीतल्या टाकीची बारीक चीर निघते, तिच्याखालचा गालिचा ओला लागतो. बाहेर काहीच नसेल तर टाकीतल्या वाफेवर निळ्या द्रावणाची चाचणी करावी. ज्वलनाचा वायू असेल तर रंग पिवळा पडतो, आणि मग हेडचा विचार टाळता येत नाही.

तेल आणि कूलंट एकमेकांत गेले तर घाई का करायची, हे सोलापूरला वेगळं सांगायला नको. 1992 साली सुरू झालेली प्रिसिजन कॅमशाफ्ट्स इथल्याच औद्योगिक वसाहतींतून देशी-विदेशी कारखान्यांना कॅमशाफ्ट पुरवते. चिल्ड कास्टिंगमध्ये कॅमचा उंचवटा साच्यातच झपाट्यानं थंड करून पृष्ठभाग कठीण केला जातो. एवढा कठीण कॅमही धातूवर धातू घासून टिकत नाही, मध्ये तेलाचा पातळ थर लागतो. त्या तेलात कूलंट शिरलं की थर तुटतो, आणि कॅमच्याही आधी बेअरिंग जातात. तरीही पहिला संशय तडकलेल्या हेडवर घेऊ नये. आधी तेल आणि कूलंट शेजारून वाहतात तो ऑइल कूलर दाबावर तपासावा.

मग सेपरेटर ठरावीक वर्षांनी डोळे झाकून का बदलू नये, असं कोणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. इंजिनाच्या किमतीपुढे डबी किरकोळ आहे आणि जुन्या एम96 मध्ये दुसऱ्या कामासाठी ती जागा मोकळी झाली असेल तर बदलून टाकणंच शहाणपणाचं. पण बदलण्याआधी नळीवरचा आकडा आणि बदलल्यानंतरचा आकडा, दोन्ही जॉब कार्डवर लिहिलेले हवेत. नवी डबी बसवूनही धूर राहिला तर रिंगा किंवा सिलिंडर पाहायचे हे तेव्हाच ठामपणे म्हणता येतं. हीच शिस्त टर्बो पेट्रोल स्कोडा-फोक्सवॅगनलाही लागू आहे: तिथेही पडदा चिरतो, आयडलिंगला बारीक शिट्टी येते, आणि होटगी रोडवरच्या रहदारीत ती शिट्टी एसीची समजून सोडून दिली जाते. एसी बंद करून, बॉनेट उघडून ती पुन्हा ऐकायला एक मिनिट लागतं.